ब्रेक दाबला की थरथर, खड्ड्यात दणका : मोठ्या एसयूव्हीचं दुखणं मुळापासून कसं काढायचं

मोठी एसयूव्ही घेऊन नागपुरातून समृद्धीला लागणाऱ्यांच्या दोन तक्रारी कायम कानावर येतात. शंभराच्या वर वेग असताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग हातात थरथरतं, आणि शहरात परतलं की प्रत्येक खड्डा मणक्यात जाणवतो. गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं असतं : "भाऊ, डिस्क वाकडी झाली. पॅड-डिस्क दोन्ही बदलून टाका. शॉकअपही गेलेच आहेत, सोबतच करून घ्या." माणूस बिल भरतो, दोन-तीन महिने गाडी छान चालते, आणि मग थरथर पुन्हा सुरू होते.

ही थरथर पुन्हा का येते, ते कळलं तर अर्धं काम झालं. डिस्क बदलली, पण ती ज्याच्यावर बसते तो हब कोणी घासला नाही. नट एअर गनने कसले. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, फाटलेला बुश (सांध्यातलं रबर) तसाच राहिला. अशा वेळी नवी डिस्कही जुनीच्याच वाटेने जाते. म्हणून खालचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे, आणि कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी मोजमाप करायचंच, हा माझा आग्रह आहे. फॉर्च्युनर, एंडेव्हर, स्कॉर्पिओ-एन अशा चेसिसवर बांधलेल्या गाड्या असोत की नवी सफारी आणि एक्सयूव्ही ७०० सारख्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, ब्रेकचं गणित सगळीकडे तेच आहे.

ज्यांनी कधी चाकही काढलेलं नाही त्यांनी ब्रेकला स्वतः हात लावू नये. पण हे वाचून गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या शेजारी उभं राहावं आणि योग्य ते प्रश्न विचारावेत. तेवढ्यानेही बराच खर्च वाचतो.

डिस्क खरंच वाकडी होते का?

रोजच्या वापरातल्या गाडीची बिडाची डिस्क उष्णतेने वाकून जाणं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा घडतं ते वेगळंच. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा एखादा पापुद्रा राहतो किंवा नट कमी-जास्त कसले जातात, आणि डिस्क केसभर तिरकी बसते. तिरकी डिस्क फिरताना आत-बाहेर हलते. ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात एकदा पॅडला घासून जातो. काही हजार किलोमीटर असं घासल्यावर तेवढाच भाग झिजतो आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मग ब्रेक दाबला की जाड भागावर पकड वाढते, पातळ भागावर ढिली पडते. हा झटका दर फेऱ्याला बसतो. जाडीतला फरक ०.०२ मिलिमीटर असला तरी बऱ्याच गाड्यांमध्ये तो हाताला कळतो.

नवी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही, काही हजार किलोमीटरनंतर थरथरते, ते यामुळेच. तोवर काम करणाऱ्याचा आणि आपला दोघांचाही समज झालेला असतो की काम चोख झालं होतं, डिस्कच हलक्या प्रतीची निघाली.

दुसरं कारण पॅडचा थर. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरून गाडी उभी राहिली की पॅडचा मसाला तेवढ्या जागी चिकटतो. त्या जागेची पकड वेगळी होते, आणि हाताला जाणवणारी थरथर मात्र अगदी तशीच.

वेगाचा संबंधही समजून घ्या. २६५/६५ आर १७ मापाच्या टायरचा घेर साधारण २.४४ मीटर भरतो. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला ११ फेरे मारतं. सस्पेन्शनची पुढे-मागे हलण्याची स्वतःची लयही साधारण याच पट्ट्याच्या आसपास असते. त्यामुळे ८० ते ११० च्या दरम्यान थरथर सगळ्यात जास्त जाणवते आणि ५० च्या खाली जवळजवळ नाहीशी होते. शहरात ब्रेक गुळगुळीत लागतो म्हणून डिस्क ठीक आहे असं धरून चालू नका.

आधी रस्त्यावर परीक्षा

शेजारी कोणालातरी बसवा आणि वर्दळ नसलेला, कोरडा, सरळ डांबरी रस्ता निवडा. समृद्धीवर हे करू नका. तिथे मागून १२० ने गाड्या येत असतात, आणि विनाकारण वेग कमी करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

ब्रेकला हात न लावता ८० ते १०० चा वेग धरा. इथेच स्टीअरिंग हलत असेल तर दोष आधी टायर, बॅलन्सिंग किंवा रिममध्ये शोधायचा, ब्रेक नंतर. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर खालून गुरगुर येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) जॉइंट किंवा मधलं बेअरिंग बघा.

आता मागे कोणी नाही हे पाहून १०० वरून ६० पर्यंत हलका, सलग ब्रेक दाबा. थरथर स्टीअरिंगमध्ये आली तर संशय पुढच्या डिस्कवर. स्टीअरिंग शांत पण सीट आणि फ्लोअर थरथरतात, तर मागच्या डिस्क किंवा ड्रमवर. पेडल दोन्हीत धडधडतं, त्यामुळे एकट्या पेडलवरून निष्कर्ष काढू नका. हाताने ओढायचा हँडब्रेक असेल तर एक चाचणी अजून आहे : ताशी ४० च्या वेगात, बटण दाबून धरून, लिव्हर अगदी हळू वर घ्या. तेव्हाही थरथर आली तर दोष मागे. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत हे मुळीच करायचं नाही. मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असेल तर या चाचणीत डिस्क तपासली जात नाही, हेही लक्षात ठेवा.

गिट्टीवर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली जी भराभर खडखड येते ती एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. तो दोष नाही.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते भरपूर आहेत, आणि त्यांच्या आडव्या सांध्यांवर चाक गेलं की ठराविक अंतराने ठक-ठक येतेच. सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरला सेकंदाला तीन-साडेतीन ठोके. चाकाच्या फेऱ्याची थरथर याहून कितीतरी जलद असते. गाडीला दोष देण्याआधी एकदा डांबरी रस्त्यावर चालवून बघा.

थोडं चालवल्यावर, जोरात ब्रेक न मारता, गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. टेकवू नका, नुसती धग बघा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर गरम चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक सोडल्यावरही मोकळा होत नाही आहे. ही खूण फार मोलाची आहे, ती वहीत लिहून ठेवा.

हवा, टायर, बॅलन्सिंग

थरथर आणि दणके, दोन्हींची पहिली पायरी इथेच आहे, आणि खर्च जवळपास शून्य.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगवेगळे आकडे दिलेले असतात. तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. चालून तापलेल्या टायरमध्ये तो आणखी चार-सहा पीएसआय वर दिसू शकतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, ४५ अंशांत, वर्धा रोडवरून तापून आलेल्या टायरमध्ये पंपावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढली, तर पहाटे तोच टायर कमी हवेचा झालेला असतो. उलट पंपावरच्या मुलाने सवयीने ४० मारली तर गाडी दगडासारखी कडक लागणारच. कितीतरी 'खराब सस्पेन्शन' मी हवेच्या गेजने बरी झालेली पाहिली आहेत.

टायरचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात : ३२२१ म्हणजे २०२१ सालातला ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी विदर्भाच्या उन्हात पाच-सहा वर्षं काढलेलं रबर कडक होतं, आणि कडक रबर प्रत्येक बारीक खडा वर पाठवतं. टायरवरून तळहात फिरवा. लाटा लागल्या, मधेच उंच मधेच खोल, तर एकतर शॉकअप कमजोर आहे किंवा बॅलन्सिंग बरेच दिवस बिघडलेलं आहे.

पावसाळ्यात शेतावर जाऊन आलेल्यांनी बॅलन्सिंगच्या दुकानात जाण्याआधी रिमची आतली बाजू धुवावी. आपली काळी माती एकदा रिमच्या आत बसून वाळली की मूठभर गोळाही ८० च्या वर गाडी हलवायला पुरतो. त्या मातीसकट बॅलन्सिंग केलं तर माती पडल्यावर सगळं पुन्हा बिघडतं.

गाडी उचलून हाताने तपासणी

सपाट, पक्की जागा हवी. उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं, जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढे-मागे उटी (अडवणारे ठोकळे) लावा. जॅकने उचलल्यावर चेसिसखाली घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. दोन-सव्वादोन टनांच्या गाडीखाली नुसत्या जॅकवर विसंबू नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ च्या जागी धरा. इथे खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक, म्हणजे स्टीअरिंगचे जोड. नंतर पहारीने लोअर आर्म हलक्या हाताने पुढे-मागे रेटून मागच्या बुशचं रबर बघा. ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं आणि तो सगळा भार हा बुश झेलतो. तो फाटला असेल तर डिस्कमधला अगदी बारीक दोषही स्टीअरिंगपर्यंत मोठा होऊन पोहोचतो. म्हणूनच एकाच जाडीच्या डिस्कवर एक गाडी शांत राहते आणि दुसरी थरथरते. बुश फाटलेला दिसला तर डिस्कच्या आधी तो बदला.

कॅलिपर

चाक काढा. कॅलिपरचे बोल्ट काढून तो बाजूला घ्या, पण ब्रेकच्या रबरी पाइपवर लटकू देऊ नका. तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रेकची धूळ एअरने उडवू नका, ती श्वासात जाते. ब्रेक क्लीनर फवारून फडक्याने पुसा.

आता स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना. त्या बोटाने आत-बाहेर सहज सरकल्या पाहिजेत. एक पिन जाम असेल तर कॅलिपर तिरका दाबतो आणि ब्रेक सोडल्यावर मोकळा होत नाही. आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा झिजलेला दिसेल. मघाशी जे चाक जास्त गरम लागलं, त्याची ही पावती. पिन काढून पुसा, रबरी बूट फाटला असेल तर बदला, आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. दोन पिना काही गाड्यांत वेगळ्या असतात, अदलाबदल करू नका. फिक्स्ड कॅलिपर असेल तर त्याला स्लाइड पिन नसतात. तिथे सगळे पिस्टन सारखे मागे जातात का ते बघायचं.

पिस्टन मागे ढकलताना बोनेटमधल्या डबीतलं ब्रेक ऑइल वर येतं, सांडलं तर रंग उतरवतं. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या मागच्या कॅलिपरमध्ये पिस्टन जबरदस्तीने ढकलायचा नाही. त्यासाठी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावावा लागतो.

ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी बदलून घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर त्याची हमी १५५ अंशांपर्यंत खाली येते. चिखलदऱ्याच्या उतारावर पेडल आत जायला लागलं तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

हब : इथे घाई नको

सगळ्या कामात सर्वात महत्त्वाची आणि सर्वात जास्त टाळली जाणारी पायरी हीच.

डिस्क काढण्याआधी डिस्क आणि एका स्टडवर (चाकाचा नट ज्यावर कसतात त्या बोल्टवर) खडूने खूण करा. डिस्क गंजून चिकटली असेल तर हातोडा मारत सुटू नका. बऱ्याच जपानी गाड्यांच्या डिस्कला ८ मिलिमीटरच्या बोल्टची दोन आटेदार भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने कसत गेलं की डिस्क सरळ सुटते.

आता हबचा दर्शनी भाग बघा. वरवर बरा दिसेल. नखाने स्टडच्या बुडाशी खरवडा. तिथे गंजाची तपकिरी कड हाताला लागते, आणि मधल्या गोल उंचवट्याच्या कोपऱ्यातही. तारेच्या ब्रशने, मग एमरी पेपरने, हे सगळं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. स्टडच्या भोवती ब्रश पोहोचत नाही, तिथे पेपरची गुंडाळी करून फिरवा. डिस्कची आतली बाजू, जी हबला टेकते, तीही तशीच घासा. अलॉय रिमची हबला टेकणारी बाजू विसरू नका. मग कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हबवर जाड ग्रीस थापण्याची पद्धत मला मान्य नाही. त्या ग्रीसमध्ये धूळ बसते आणि पुन्हा तोच थर तयार होतो.

डिस्क खुणेवर बसवा आणि सगळे नट वॉशर घालून सारखे कसा, म्हणजे डिस्क चाकाखाली जशी दाबली जाते तशी बसेल. डायल गेजचं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं) टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत टेकवा आणि डिस्क हाताने हळू एक पूर्ण फेरा फिरवा. काटा किती हलतो ते वाचा. अचूक मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर मी समाधानी होतो.

एका सात सीटर गाडीवर हेच काम करताना काटा ०.१३ वर जात होता, आणि मालकाने दुसऱ्यांदा नवी डिस्क मागवलीही होती. तीच डिस्क काढून पाहिली तर एका स्टडच्या बुडाशी नखाएवढा गंजाचा तुकडा चिकटलेला. तो काढला, दोन्ही बाजू घासल्या, डिस्क परत बसवली, काटा ०.०४. नवी डिस्क खोक्यातच राहिली.

घासूनही आकडा मोठा येत असेल तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. पाच किंवा सहा जागा असतात, सगळ्या तपासा. हबचा थोडा तिरकेपणा आणि डिस्कचा थोडा तिरकेपणा एखाद्या जागी एकमेकांना मारून टाकतात. सगळ्यात कमी आकड्याची जागा ठेवायची. कुठल्याच जागी आकडा खाली येत नसेल तर डिस्क काढून डायल गेज थेट हबवर लावा. हबच हलत असेल तर बेअरिंग-हब बदलल्याशिवाय सुटका नाही.

डिस्क : टर्निंग की नवी?

मायक्रोमीटरने कडेपासून सारख्याच अंतरावर गोल फिरत आठ ठिकाणी जाडी मोजा. साध्या व्हर्नियरच्या जाड जबड्याने हे होत नाही, कारण तो डिस्कच्या गंजलेल्या कडेवर अडतो. आठ आकड्यांत ०.०२ हून जास्त फरक असेल तर थरथर तिथूनच येते आहे. डिस्कच्या अंगावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. टर्निंगनंतर, म्हणजे मशीनवर डिस्क कापून सपाट केल्यावर, जाडी त्याच्या जवळ जाणार असेल तर नवीच घ्या, आणि एका ॲक्सलच्या दोन्ही घ्या. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही.

पॅडचे काळपट डाग दिसत असतील आणि जाडी ठीक असेल तर १२० नंबरच्या एमरी पेपरने डिस्क गोल फिरवत हलकी घासा, पॅडचा चकाकणारा थरही काढा, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे ब्रेक बसवून घ्या. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

टर्निंग करायचंच तर डिस्क गाडीवर असतानाच कापणारं मशीन ज्या वर्कशॉपकडे आहे तिथे जा. ते डिस्कला तिच्या स्वतःच्या हबच्या हिशेबाने सरळ करतं. साध्या लेथवर डिस्क लेथच्या हिशेबाने सरळ होते. हब गंजलेला असेल तर परत बसवल्यावर ती पुन्हा तिरकी.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा.

चाक बसवताना नट आधी हाताने, मग समोरासमोर या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरावर कसता येणाऱ्या पान्याने). मोठ्या एसयूव्हीत हा आकडा बहुधा १०० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका मॅन्युअलमध्ये बघा. पंक्चरवाल्याने गनने फर्रकन कसलेले नट कधी दुप्पट, कधी निम्मे असतात, आणि त्या ओढीने डिस्क तिरकी होते. पंक्चर काढून आल्यावरही नट ढिले करून टॉर्क पान्याने पुन्हा कसा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला ब्रेक थेट फ्लोअरला लागतो. हे विसरलं की गाडी समोरच्या भिंतीवर जाते.

ब्रेक बसवणं आणि समृद्धीचा टोल

नवे पॅड असोत की घासलेले, त्यांचा सारखा थर डिस्कवर बसायला हवा. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, दर वेळी मध्ये थोडं चालवून गार होऊ द्या, आणि पूर्ण थांबू नका. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवा.

पुढची सवय याहून महत्त्वाची. सव्वादोन टनांची गाडी ताशी १०० वरून थांबवताना सुमारे साडेआठ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. १२० वरून थांबवताना ती ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. समृद्धीवर टोल बाहेर पडताना लागतो. तासन् तास १२० ने आलेला माणूस उतरणीवर एकदम जोरात ब्रेक मारतो आणि रांगेत तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभा राहतो. पॅडचा ठसा उमटायला याहून चांगली परिस्थिती नाही. आधीच पाय काढा, गाडीचा वेग इंजिनवर उतरू द्या, आणि रांगेत सपाटीवर न्यूट्रल करून पेडल ढिलं सोडा, किंवा मध्ये थोडी जागा ठेवून गाडी इंच-इंच पुढे घेत राहा. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना खालच्या गिअरमध्ये या. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोड त्यासाठीच दिला आहे. आणि घाट उतरल्या उतरल्या किंवा लांबून आल्या आल्या चाकांवर थंड पाण्याचा फवारा मारू नका.

आता दणके

हवा आणि टायर झाले असतील तर अर्धे दणके गेलेले असतात. उरलेल्यांत पहिला प्रश्न : रिम बदललेत का? २६५/६० आर १८ च्या टायरची भिंत १५९ मिलिमीटर उंच असते. दिसायला रुबाबदार म्हणून २६५/५० आर २० बसवला की ती १३२.५ वर येते. खड्डा झेलणारं २६ मिलिमीटर रबर तुम्ही स्वतः काढून टाकलं, मग कुठलाही शॉकअप ते परत देणार नाही.

दुसरी गोष्ट समजून घेण्याची आहे. चेसिसवाल्या सात सीटर गाडीची मागची स्प्रिंग सात माणसं आणि सामान धरून ठरवलेली असते, आणि खाली बहुधा अखंड, जड ॲक्सल असतो. एकटा माणूस ती गाडी धरमपेठेतून हिंगण्याला नेतो तेव्हा मागची बाजू उडते. तो गाडीचा स्वभाव आहे. रिकाम्या गाडीचा योग्य दाब ठेवून तो कमी होतो, पूर्ण जात नाही. यासाठी पैसे खर्चू नका.

शॉकअप तपासायचा तर बोनेट दाबून बघण्याचा या जड गाड्यांत उपयोग नाही. दांड्यावर आणि नळीवर ओलं तेल आहे का बघा. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी एक-दीड झोक्यात शांत झाली पाहिजे. कमजोर शॉकअपची गाडी आधी डोलते, आणि खोल खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबून धाडकन आवाज येतो. तो आवाज बंप स्टॉपचा. ते रबर भुगा झालेलं असेल किंवा गायब असेल तर लोखंडाला लोखंड लागतं. बंप स्टॉप स्वस्त आहे आणि जवळजवळ कोणीच बघत नाही. वरच्या माउंटचं रबरही तेव्हाच पाहा.

बाहेरचे कडक शॉकअप घेताना विचार करा. हायवेवर गाडी घट्ट बसते, पण शहरातल्या बारीक खड्ड्यांत ती आणखी टोचते. ज्यांचा बहुतेक प्रवास रिंग रोडच्या आत आहे त्यांनी कंपनीच्या मापाचेच घ्यावेत, आणि जोडीने. पॉलीयुरेथेनचे बुशही तसेच : टिकतात, पण कंप आत पाठवतात. जुन्या सफारीसारखी टॉर्शन बारची (स्प्रिंगऐवजी पिळणाऱ्या दांड्याची) गाडी असेल तर कोणीतरी उंची वाढवायला बार कसून ठेवले आहेत का ते मोजा. बार कसल्याने गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात ते खालच्या टोकाला आदळतं.

शेवटचं काम बुशचे बोल्ट कसण्याचं, आणि ते फार थोड्या ठिकाणी नीट होतं. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होताना ते सरकत नाही, पिळतं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असताना मुख्य बोल्ट पूर्ण कसला तर रबर त्या लटकत्या जागी पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडी ताठ लागते, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसते हलके लावायचे, मग लोअर आर्मखाली जॅक देऊन गाडी घोडीवरून उचलली जाईल इतपत भार चाकाच्या बाजूला घ्यायचा, किंवा पिटवर चाकं जमिनीवर ठेवून खालून हात घालायचा, आणि तेव्हा मॅन्युअलच्या टॉर्कने कसायचं. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा, आणि तो हे करत असताना तिथे उभे राहा.

बुश, आर्म किंवा टाय रॉडला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंट लगेच करून घ्या. बॅलन्सिंगही त्याच फेरीत. आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर, सकाळी गाडी थंड असताना, चारही चाकांचे नट टॉर्क पान्याने एकदा परत तपासा. अलॉय रिम नव्याने घासून बसवलेले असतील तर एखाद-दुसरा नट थोडासा फिरतोच.